रानात काय उभं होतं?

ज्याच्या घरचं माणूस गेलं आहे त्याला लोक ठरावीक गोष्टी विचारतात. कधी गेले, कशानं गेले, वय काय होतं. साहेब यातलं काहीच विचारायचे नाहीत. समोरचा माणूस रुमालानं तोंड पुसत खुर्चीत टेकला की ते चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "रानात काय उभं होतं?"

पहिल्यांदा ऐकणारा गोंधळायचा. "कुठं?"

"तुमच्या रानात. माय गेली त्या दिशी. तूर व्हती, जवारी व्हती, का नुसतं नांगरून पडलं व्हतं?"

अहमदपूरच्या बसस्टँडसमोर फ्लेक्स आणि टायपिंगचं एक दुकान आहे. तिथे मी साडेचार वर्षं कॉम्प्युटरवर काम केलं. वाढदिवसाचे बॅनर, लग्नपत्रिका, सातबाऱ्यासाठीचे अर्ज आणि पुण्यस्मरणं. आमच्याकडे माणूस गेला की दरवर्षी त्या दिवशी पेपरात त्याच्या फोटोखाली चार ओळी छापतात, ऐपत असेल तर चौकात बॅनरही लावतात. आमच्या दुकानातून जाणाऱ्या पुण्यस्मरणांच्या चार ओळी साहेब लिहायचे. ते दुकानाचे नोकर नव्हते. दाराजवळच्या स्टुलावर रोज दहा ते दोन बसायचे, मालकानं कधी उठ म्हटलं नाही. मोबदला म्हणून त्या मोसमात रानात जे असेल ते घ्यायचे. हरभऱ्याचे ढाळे, मुगाच्या शेंगा, एकदा तर एका म्हातारीनं आणलेलं नुसतं शेपूचं पेंडकं.

साहेब हे नाव नोकरीपासून चिकटलेलं. ते कृषी सहायक होते. मुखेड आणि हिमायतनगरकडची गावं त्यांनी आयुष्यभर पायाखाली घातली, आणि रिटायर झाल्यावर इथे येऊन कविता लिहायला लागले. कवी म्हटलेलं त्यांना चालत नसे. "मी पीक पाहनी करतो," म्हणायचे. "आधी जित्या मानसाच्या रानाची करायचो, आता मेलेल्याच्या."

मला ते लीडर म्हणायचे. कारण दुकान सुटायच्या वेळी मालकाला विचारून मी मोर्च्या-मागण्यांची माझी पत्रकं त्याच मशीनवर काढायचे. मी पत्रकांवरच वाढले. आई अंगणवाडी सेविका होती आणि त्यांच्या संघटनेत होती. घरात गोष्टीची पुस्तकं नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. 'निषेध' हा शब्द मला 'बदक'च्या आधी वाचता यायला लागला. पाठकोऱ्या बाजूवर मी गणितं केली. त्यामुळे मजकूर म्हणजे मागणी, आणि मागणी म्हणजे कुणाकडे तरी रोखलेलं बोट, एवढंच मला ठाऊक होतं. साहेबांच्या कवितेत बोट कुणाकडेच नसे. पहिलं वर्षभर मला ते एक निरुपद्रवी आणि थोडे निरुपयोगी म्हातारे वाटत होते.

त्यांना राग फक्त एका गोष्टीचा यायचा. एकदा तिशीतला एक माणूस मोबाईल पुढे करून म्हणाला, "साहेब, हेच टाका. लई भारी हाय. चंद्र मावळला, ज्योत विझली, मायेचा वटवृक्ष कोसळला."

"तुपला बाप काय करायचा?"

"पंक्चर काढायचे. शिरूर रोडला दुकान हाय."

"मग ह्यो वड कुठनं आला? वड हाय का दुकानाम्होरं?"

"न्हाई. कडूलिंब हाय."

"मग लिंब म्हन की. आन् चंद्र काय तुमच्या घरचा व्हता व्हय, तुमचा बाप गेला म्हनून मावळायला? कवा गेले?"

"चैतात."

"चैतात लिंब फुलतो. दुकानाम्होरं फुलला असंल. रबराच्या वासात त्याचा वास येत असंल का न्हाई?"

तो माणूस मोबाईल खिशात घालत म्हणाला, "हाव. दुपारच्याला यायचा. ते म्हनायचे, आज सोलुशनला बी गोड वास मारायला."

"बस. झाली की कविता. यमक-बिमक पायजे असंल तर बँडवाल्याकडं जा."

त्यांचा एक नियम होता. पहिल्या वर्षी तीन ओळी माणसाच्या, एक रानाची. दुसऱ्या वर्षी दोन आणि दोन. तिसऱ्या वर्षी माणसाची एकच, रानाच्या तीन. चौथ्या वर्षी चारही ओळी रानाच्या. पाचव्या वर्षी कुणी आलं तर चहा पाजून परत पाठवायचे. "आता तुमचं तुमाला येतंय," म्हणायचे.

एका बाईच्या नवऱ्याची चारही वर्षं मीच टाईप केली, म्हणून मला ती आठवतात. पहिल्या वर्षी असं होतं:

चपला दारातच राहिल्या.
खाटेवर शालीची घडी तशीच.
हाक मारायची सवय अजून जिभेला.
बाहेर तुरीला पिवळं फूल.

दुसऱ्या वर्षी:

शाल आता धाकटा पांघरतो.
चपला कुणी घालत नाही.
तुरीला फूल आलं.
पाखरांनी रान उचलून धरलं.

तिसऱ्या वर्षी:

बांधावर कुणी खोकलं, वाटलं तोच.
तूर फुलली.
फूल झडेल तिथे शेंग धरेल.
शेंगेला ऊन लागेल.

आणि चौथ्या वर्षी:

तूर फुलली आहे.
खालचं पान पिवळं पडून गळतं आहे.
शेंग अजून कोवळी.
यंदा थंडी उशिरा आली.

चौथ्या वर्षी ती बाई कागद घेऊन माझ्या टेबलाशी उभी राहिली. म्हणाली, "साहेब, ह्याच्यात ते कुठंयत?"

"न्हाईत."

"मग फोटोखाली हे कामून छापायचं?"

"नका छापू. वाचा मातर एकदा."

तिनं पुन्हा वाचलं. ओठ हलवत वाचत होती. शेवटच्या ओळीवर थांबली आणि कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाली, "त्यांना थंडी लई वाजायची." मग कागदाची घडी करून माझ्याकडे दिला आणि म्हणाली, "छापा."

माझं मत तेव्हा पक्कं होतं की ही भूल देण्याची कला आहे. दुःख दरवर्षी एक ओळ कमी करायचं, म्हणजे चार वर्षांत माणूस शांत. आणि शांत झालेली माणसं मोर्चाला येत नाहीत.

लिहिण्याआधी ते जमेल तर जागा बघून यायचे. आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला बसवून मातीत ठेवतात, बऱ्याचदा स्वतःच्याच रानाच्या कोपऱ्यात. साहेब त्यांच्या फटफटत्या मोपेडवरून तिथे जायचे आणि समाधीपासून पेरलेल्या पहिल्या ओळीपर्यंत पावलं टाकून मोजायचे. पहिल्या वर्षी लोक दहा-बारा पावलं सोडतात. पुढच्या वर्षी पेरणीची तिफण जरा जवळून वळते. मग आणखी जवळून. साहेब हे वहीत लिहून ठेवायचे. घरच्यांना ते मोजणं बघून लाज वाटायची. ट्रॅक्टरवाल्यानंच चुकून जवळ पेरलं, असं काहीतरी सांगायचे.

"चुकून कशाचं," साहेब म्हणायचे. "मानूस जवळ पेरायला लागलं म्हंजे त्याचं भ्याव गेलं. चांगलं हाय की. मयताला काय अडचन हाय का?"

हे वेड कुठून आलं ते त्यांनी एकदाच सांगितलं, चहा पिताना. नोकरीत असताना एका वर्षी ताप होता म्हणून एका गावात न जाता त्यांनी टेबलाशी बसून पीक लिहिलं. शेजारच्या गावात सोयाबीन बरं होतं, म्हणून इथेही बरं असं लिहिलं. इथे ते पाण्याखाली कुजलं होतं. त्या गावाला भरपाई म्हणून काही मिळालं नाही. कुणी तक्रार केली नाही, कुणी विचारलंही नाही. "इचारलं असतं तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "तवापासून न बघता लिव्हायचं बंद केलो." मग बशी उचलून त्यांनी उरलेला चहा संपवला.

साहेब गेल्या भाद्रपदात वारले, हैदराबादला, मुलाकडे. मुलानं मजकूर आमच्या मालकाला मोबाईलवर पाठवला. त्यात ज्योत होती, चंद्र होता आणि खाली कोपऱ्यात गुलाबाची दोन चित्रं. मी तेव्हा ते दुकान सोडून नांदेडला आले होते, पण मालकानं मला फोन केला. मी मुलाला फोन लावला आणि विचारलं, तुमच्या खिडकीबाहेर काय होतं हो, त्या दिवशी? तो म्हणाला, "पार्किंग. का?" मी म्हटलं, काही नाही. मजकूर गेला तसा गेला.

आता माझ्या आईबद्दल, कारण साहेब मला तिच्यामुळे कळले.

आई मार्गशीर्षात गेली. पोटात दुखतंय म्हणून आम्ही तिला सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी रुग्णालयात नेलं. डॉक्टर नव्हते. साडेनऊला नर्सनं पुढे न्या म्हणून सांगितलं. गाडी पावणेअकराला आली. आई वाटेत गेली. रुग्णालयाचं नाव आणि या सगळ्या वेळा माझ्या पत्रकात आहेत, इथे पुन्हा लिहायची गरज नाही. पहिलं पुण्यस्मरण मी लिहिलं, तेही पत्रकच होतं. वर तिचा फोटो, खाली सात दहा, साडेनऊ, पावणेअकरा, आणि शेवटी: याला जबाबदार कोण? दुसऱ्या वर्षी तेच, फक्त अक्षर मोठं. त्या दोन वर्षांत मी आईच्या समाधीभोवती काही पेरू दिलं नाही. अप्पा, म्हणजे माझे वडील, दरवर्षी विचारायचे. मी नाही म्हणायचे. आईबद्दल ते काहीच बोलायचे नाहीत, आणि मला वाटायचं, विसरले. शेतात राबणाऱ्या माणसाला विसरायला वेळ लागत नाही, असं मी डायरीत लिहिलंही होतं. आता ते वाचवत नाही.

तिसऱ्या वर्षी, मी संघटनेच्या बैठकीला लातूरला गेले होते तेव्हा, अप्पा दुकानात येऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या कीबोर्डवर साहेबांच्या अक्षरातला कागद होता. वर आईचं नाव. पहिल्या ओळीची जागा मोकळी, तिथे कंसात 'लेकीला विचारणे'. खाली तीन ओळी:

हरभऱ्याला घाटे धरले.
पानांवर आंबट दव उतरलं.
सकाळचं ऊन बांधापर्यंत आलं.

मी कागद घेऊन दारापाशी गेले. "हे काय आहे?"

"अप्पा आल्ते," साहेब म्हणाले. "तिसरं साल हाय. वळ मोकळी ठिवलीय तुला."

"मला न विचारता?"

"लिव्हलंय की, लेकीला इचारने."

"माझी आई डॉक्टर नव्हता म्हणून गेली. तुम्ही तीन ओळी हरभऱ्याच्या लिहिता?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती बॅनर बघायचं सोडून आमच्याकडे बघायला लागली. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"तुपली पत्रकं मी वाचलो. दोनी. भारी हायत. पर त्याच्यात तुझी माय न्हाई. डाक्टर हाय. दोन सालं झाली, न आलेल्या डाक्टरचं पुण्यस्मरन करून राहिली तू."

"आणि तुम्ही लोकांना झोपवता. तुमचं वाचून कुणी रस्त्यावर येणार आहे का?"

"न्हाई येनार," ते लगेच म्हणाले. "त्याच्यासाठी तू हायस की. बरं, मला सांग. रानात काय उभं होतं?"

"अप्पांनी सांगितलंय ना? हरभरा."

"अप्पाला इचारलो. आता तुला इचारून राहिलो. तू व्हतीस का न्हाई मातीला?"

मी होते. आईला खाली ठेवलं तेव्हा मी दोन हातांवर होते. कोण आलं, कोण आलं नाही, हार किती वाजता आले, सगळं मला सांगता आलं असतं. उभ्या पिकात जागा करून खड्डा घेतला होता, तेही आठवत होतं. पण ते पीक काय होतं, ते माझ्या डोळ्यांसमोर येईना. हिरवं काहीतरी. माझ्या आईभोवती काय होतं ते मला माहीत नव्हतं, आणि डॉक्टरची अनुपस्थिती मला मिनिटांसकट पाठ होती.

मी कागद टेबलावर टाकला, मालकाला सांगितलं की आज मी नाही, आणि मुखेडच्या बसमध्ये बसले. गाव त्याच रस्त्यावर आहे.

अप्पा ओसरीत दोरी वळत होते. मी विचारलं. "हरभरा," ते म्हणाले. "दुसरं काय असनार?" आवाजात शंका नव्हती. काकू, म्हणजे माझी चुलती, चुलीपाशी भाकरी थापत होती. ती तिथूनच ओरडली.

"कशाचा हरभरा! करडई व्हती. शेवटची करडई तीच. पुन्हा कुठं पेरली आपण? हरभरा तर मागनं लावायला लागले."

"न्हाई, हरभरा," अप्पा म्हणाले.

"भावजी, तुमी बघतच नव्हता. तुमाला दोघांनी धरून आनलं व्हतं. माझ्या पायात काटे मोडले म्हनून मला ठाऊक. आन् हिच्या बी. हिनं तर चप्पल सुदीक घातली नव्हती."

तेव्हा मला आठवलं. एकदम, पायापासून. त्या दिवशी संध्याकाळी घर माणसांनी भरलेलं असताना मी मागच्या दारी दगडावर बसून तळपायातले काटे काढत होते. बारीक, हिरवट. सेफ्टी पिननं काढत होते आणि मला बरं वाटत होतं, कारण ते दुखणं पायात होतं, आणि कुठे आहे ते दाखवता येत होतं. करडई गुडघ्याएवढी होती. आम्ही तिच्यातून चालत गेलो होतो. अप्पांनी पुढची दोन वर्षं बाकीच्या तुकड्यात हरभरा घेतला आणि त्यांच्या डोक्यात मागचं रानही हरभऱ्याचं होऊन गेलं. माझ्या डोक्यात तर रानच उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. ते स्टुलावरून उठलेच. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

"करडई? नक्की?"

"काकूला काटे बोचले होते. मलाही."

"म्हंजे पंचनामा चुकला," ते म्हणाले. "छापलं असतं म्हंजे?" त्यांनी कागद घेतला, तीन ओळींवर एक आडवी रेघ मारली आणि त्या दिवशी दहा ते दोनही बसले नाहीत, मोपेडवरून आमच्या रानात जाऊन आले. परत आले तेव्हा पँटला कुसळं चिकटली होती. नवीन तीन ओळी त्यांनी उभ्या उभ्याच मला सांगितल्या:

करडई गुडघ्याएवढी होती.
काटे आले होते, फुलं यायची होती.
उपटली तेवढ्या जागेत यंदा हरभरा आहे.

"तेवढ्या जागेत?" मी विचारलं.

"हाव. पार चिटकून पेरलाय अप्पानं. बघितली न्हाईस?"

मी काल घरूनच परतले होते. म्हणजे या वर्षी अप्पांनी मला विचारलंच नव्हतं. साहेब म्हणाले, "भांडायचं असंल तर भांड. पर आधी वळ दे. तुपली एक वळ राहिलीय."

पत्रक मी एका बैठकीत लिहिते. ती एक ओळ लिहायला मला चार दिवस लागले. पहिल्या दिवशी मी लिहिलं, 'तुझा लढा आम्ही पुढे नेऊ.' साहेबांनी वाचून परत दिलं. "ही घोषना हाय."

दुसऱ्या दिवशी, 'सर्वांसाठी झटणारी, सदा हसतमुख.'

"हे सर्टिफिकेट हाय. शिक्का मारू का?"

तिसऱ्या दिवशी मी आईला सावलीची उपमा दिली. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मीच कागद फाडला.

"लीडर," ते जरा मऊ आवाजात म्हणाले, "ती घरी आल्यावर काय करायची, तेवढं लिव. भायेर काय करायची ते पेपरात आलंय."

चौथ्या दिवशी मी लिहिलं: पत्रकं वाटून आली की पाय पाण्यात घालून बसायची.

साहेबांनी वाचलं. चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. "टाईप कर," म्हणाले.

मी टाईप केलं. मग विचारलं, "आणि माझं पत्रक?"

"ते बी काढ. कोन नको म्हनतंय? पर त्याच्यावर तिचा फोटो कामून? ज्या बाया अजून जित्या हायत त्यांचं लिव."

त्या वर्षी मी पहिल्यांदा आईच्या फोटोशिवाय पत्रक काढलं. आजूबाजूच्या पाच गावांतल्या बायकांना भेटले आणि कोण किती वेळ थांबलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिलं. माझं आजही म्हणणं तेच आहे की त्या सकाळी तिथे डॉक्टर असायला हवा होता. आता तो आठवड्यातून तीन दिवस येतो. उरलेल्या चार दिवसांसाठी आमचं भांडण चालू आहे.

आईच्या तारखेनंतर दहा दिवसांनी येळवस होती. लातूरकडची वेळ अमावस्या. त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळे रानात जातात. कडब्याची झोपडीसारखी कोप करून पूजा करतात, ताकातली आंबील, ताज्या दाण्यांची भज्जी, उंडे, खीर असं रानातच बसून जेवतात, आणि येणाऱ्या जाणाऱ्याला बोलावून जेवू घालतात. आई गेल्यापासून आम्ही येळवस केली नव्हती. मीच करू दिली नव्हती. जिथे ती आहे तिथे बसून जेवायचं, हे मला शक्य वाटत नव्हतं.

त्या वर्षी अप्पांनी मला विचारलं नाही, कोप उभी केली. साहेबांनाही परस्पर आमंत्रण दिलं. मी गावी आले होते, पण रानात जायचं नाही असं सकाळपर्यंत ठरवलेलं होतं. मग काकू डोक्यावर आंबिलीची बिंदगी आणि काखेत डबा घेऊन निघाली, तेव्हा डबा घ्यायला म्हणून मी उठले आणि तशीच चालत गेले.

हरभरा खरंच समाधीला चिकटून होता. दगडाच्या फटीतून एक झाड वर आलं होतं. मी अप्पांशी भांडायचं म्हणून शब्द जुळवत होते. साहेब कोपीच्या सावलीत मांडी घालून भज्जी खात होते आणि काकूला विचारत होते की यात तुरीचे दाणे किती आणि वालाचे किती. काकू म्हणत होती, "खावा की गुमान. हितं बी पाहनी करता का काय?"

अप्पा माझ्यासमोर बसले. त्यांनी बंडीच्या खिशातून पेपरातलं कात्रण काढलं. दहा दिवस ते खिशातच असावं, घड्यांवर शाई उडाली होती. त्यांनी ते मांडीवर पसरलं आणि माझ्या ओळीवर बोट ठेवून, एकेक अक्षर लावत, मोठ्यानं वाचलं. पत्रकं वाटून आली की पाय पाण्यात घालून बसायची.

"हे तू लिव्हलीस?"

"हो."

"कोमट."

"काय?"

"कोमट पान्यात. गार पानी सोसत नव्हतं तिला. टाचा उलायच्या. मी ठिवायचो चुलीवर. तिची यष्टी कवा येती ते ठाऊक व्हतं मला. लेट झाली तर दोनदा तापवायचो."

मला हे माहीत नव्हतं. मला वाटायचं, पाणी घरात असतंच.

अप्पा बोलत राहिले. मीठ टाकायचं की नाही त्यावरून दोघं कसे भांडायचे ते सांगितलं. ती पाय पाण्यात ठेवून त्या दिवशी कोण काय म्हणालं ते सगळं त्यांना सांगायची, त्यांना त्यातलं अर्धं कळायचं नाही, पण ते हाव हाव करायचे. एकदा असंच हाव म्हटलं तेव्हा ती पाणी उडवून म्हणाली होती, "कशाला हाव म्हनता, मी तुमालाच शिव्या देऊन राहिले." तीन वर्षांत त्यांच्या तोंडून तिच्याबद्दल एवढी वाक्यं मी ऐकली नव्हती. मध्येच ते हसले. काकूनं वाढायचं थांबवलं.

साहेबांची मान खाली होती. एरवी अशा वेळी ते दहा प्रश्न विचारत. चूल कुठल्या कोपऱ्यात होती, जळण कशाचं. त्यांनी एकही विचारला नाही. हातातली पत्रावळ घेऊन उठले, बैलांच्या बाजूला जाऊन, आमच्याकडे पाठ करून बसले आणि तिथेच जेवले.

मी भांडायला आणलेले शब्द कुठे गेले कुणास ठाऊक. अप्पा सांगत होते, ऊन कोपीतून आत आलं होतं, माझ्या पिशवीत वही आणि पेन होतं. मी काही लिहून घेतलं नाही.